मनोऱ्यावरचा माणूस

अग्रलेख पहिल्या पानावर आणण्याचा प्रसंग वारंवार येत नाही. येतो तेव्हा कोणा थोर पुरुषाचे निधन किंवा राज्यावर कोसळलेले एखादे संकट त्याच्या मागे असते. आज तसे काही घडलेले नाही. मृग नक्षत्र तोंडावर आले आहे, एवढेच. परंतु पहिल्या वादळी पावसात जागोजागचे भ्रमणध्वनी मुके होतील, रेडिओ खरखरू लागेल, तक्रारींचा ओघ सुरू होईल, आणि त्या तक्रारी थांबविण्यासाठी विशी-पंचविशीतला कोणी तरुण ओल्या लोखंडी शिडीवरून चाळीस मीटर वर चढेल. त्याच्यासंबंधी जे लिहावयाचे ते तो चढण्यापूर्वी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो पडल्यावर लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले, तेव्हा वायरीवाचून आवाज येतो याचेच लोकांना नवल होते. पुढे वरळीला दूरदर्शनचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला, पुण्याच्या प्रेक्षकांसाठी सिंहगडावर मनोरा आला. अशा मनोऱ्यांकडे मुले बोट दाखवीत. आज बोट कशाकशाकडे दाखवावे? देशातील दूरसंचार मनोऱ्यांची संख्या आठ लाखांच्या आसपास पोहोचली आहे. त्यांत आकाशवाणीचे, खासगी एफ. एम. वाहिन्यांचे, पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेचे आणि हौशी रेडिओवाल्यांचे मनोरे निराळे. यांतल्या प्रत्येकावर केव्हा ना केव्हा माणसाला चढावेच लागते. तांबडा दिवा बदलायचा असतो, गंज खरवडून रंग द्यायचा असतो, अँटेनाचे तोंड दोन अंश फिरवायचे असते, उंदरांनी कुरतडलेली किंवा उन्हाने तडकलेली केबल उतरवायची असते. हे काम करणाऱ्याला त्या धंद्यात रिगर म्हणतात. हा शब्द आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना अपरिचित असेल, आणि ज्याच्या श्रमावर आपले दिवसभराचे बोलणे चालते त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या माणसाचा जीव कशावर टांगलेला असतो, हे थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे. कारण 'पट्टा बांधला होता की नव्हता' एवढ्याच प्रश्नाशी आपली चौकशी नेहमी थांबते. पट्टा कोणता, तो कशाला अडकविला होता आणि अडकविण्याजोगे तेथे काही होते काय, हे विचारलेच जात नाही.

आम्ही विज्ञानशाखेचे पदवीधर नव्हे. पण हे गणित माध्यमिक शाळेतले आहे. दोन मीटर खाली पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी २२ किलोमीटरांच्या पुढे गेलेला असतो. माणूस व त्याची हत्यारे मिळून ८० किलो वजन धरा. हा माणूस दोराला हिसका बसून जेमतेम दहा सेंटिमीटरांत थांबला, तर त्याच्या शरीरावर पडणारा सरासरी ताण त्याच्या वजनाच्या वीसपट, म्हणजे दीड टनाहून अधिक होतो. तोच माणूस एक मीटर अंतरात हळूहळू थांबला तर हा ताण वजनाच्या तिपटीवर येतो. पडणे तेच, माणूस तोच. फरक केवळ थांबण्याच्या अंतराचा. पहिल्या प्रसंगी पट्टा कमरेला असेल तर पाठीचा कणा किंवा पोटातील अवयव शाबूत राहण्याची आशा नको. म्हणूनच अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणे थोपविण्यासाठी कमरेचा पट्टा वापरण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्याला तो पट्टा आजही खांबांवर आणि मनोऱ्यांवर दिसतो. कमरेचा पट्टा खांबाला रेलून दोन्ही हात मोकळे ठेवण्यासाठी ठीक असतो. पडणाऱ्याला झेलणे हे त्याचे कामच नव्हे.

त्यासाठी असतो तो अंगभर बसणारा हार्नेस. खांदे, छाती आणि मांड्या यांवरून त्याच्या पट्ट्या जातात आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक कडी असते. हिसका बसला की तो मांड्यांवर व ओटीपोटाच्या हाडांवर वाटला जातो आणि माणूस उभ्याने लटकतो. कडीला जोडलेल्या दोराच्या मुळाशी घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. झटका बसताच तिचे टाके एकामागून एक उसवत जातात व पट्टी लांबते, आणि वर सांगितलेले थांबण्याचे अंतर मिळते ते असे. दोराच्या टोकाला दोन फाटे व दोन हुक असतात. कामगारांच्या तोंडी त्याचे नाव 'डबल हुक'. एक हुक वर अडकविल्याशिवाय दुसरा काढावयाचा नाही, म्हणजे जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत माणूस मनोऱ्याला एका तरी हुकाने बांधलेला राहतो. ही युक्ती इतकी सोपी आहे की ती समजावयास पाच मिनिटे पुरतात.

समजावयास सोपी, पण पाळावयास अवघड. साठ मीटरच्या मनोऱ्यावर दर दोन-तीन पायऱ्यांमागे एक हुक काढायचा आणि दुसरा लावायचा म्हणजे चढताना शंभरदा आणि उतरताना शंभरदा हात खांद्याच्या वर न्यायचे. पंधरा किलोंचे सामान पाठीवर, ऊन डोक्यावर, खाली उभा असलेला मुकादम घड्याळ पाहतो आहे, आणि आज अजून दोन मनोरे बाकी आहेत. अशा वेळी हुक कमरेला लोंबत राहतात आणि माणूस माकडासारखा सरसर वर जातो. मग आपण म्हणतो, 'या लोकांना पट्टा दिला तरी ते लावत नाहीत.' हे वाक्य आम्ही कंत्राटदारांकडून ऐकले आहे, अधिकाऱ्यांकडून ऐकले आहे, आणि सुशिक्षित स्नेह्यांच्या दिवाणखान्यातही ऐकले आहे. ते खोटे नाही. पण ते जेथे संपते तेथून खरा प्रश्न सुरू होतो.

या प्रश्नावर उपाय उपलब्ध आहे. शिडीच्या कडेने तळापासून शेंड्यापर्यंत पोलादी दोर किंवा पोलादी रूळ कायमचा बसवायचा आणि त्यावरून माणसाबरोबर सरकत जाणारी एक पकड हार्नेसच्या छातीवरील कडीला जोडायची. माणूस चढतो तेव्हा पकड निमूटपणे मागोमाग येते; पाय सुटून हिसका बसला की ती दोराला घट्ट चावते आणि माणूस वीतभर खाली जाऊन थांबतो. हुक काढण्या-लावण्याचा खटाटोप नाही, वेळ जात नाही, म्हणून नियम मोडण्याचा मोहही होत नाही. डबल हुक मग लागतो तो फक्त शिडी सोडून अँटेनाकडे आडवे जाताना. असा दोर बसविलेले मनोरे आपल्याकडे नाहीत असे नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी आढळतो तो शिडीभोवतीचा लोखंडी कड्यांचा पिंजरा. पिंजरा पाहून धीर येतो खरा. पण पडणारा माणूस पिंजऱ्यातूनच खाली जातो, वाटेत कड्यांवर आदळत जातो, इतकाच त्याचा उपयोग. अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ पासून २४ फुटांहून उंच अशा नव्या स्थिर शिड्यांसाठी पिंजरा पुरेसा मानणे सोडून दिले आणि सरकती पकड किंवा तत्सम साधन सक्तीचे केले.

आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात, कारण त्या हार्नेस विकत घेणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतात. पहिली अशी की, दोर दोन मीटरचा, उसवणारी पट्टी पावणेदोन मीटरपर्यंत लांबणारी, त्याखाली माणसाचे शरीर आणि वर थोडी सूट, असा हिशेब केला तर हुक जेथे अडकविला त्या जागेखाली सहा मीटरांहून अधिक मोकळी जागा असावी लागते. इमारतीच्या गच्चीवरील छोट्या मनोऱ्यावर पहिल्या पाच मीटरांत ही जागा मिळत नाही. दोर ताणला जाण्याआधीच गच्ची येते. तेथे शिडीवरची सरकती पकड किंवा झटका बसताच आवळणारी आखूड दोराची फिरकीच हवी. दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. हार्नेसने झेललेला माणूस वाचला असे आपण समजतो. पण तो निश्चल लटकत राहिला तर मांड्यांवरच्या पट्ट्यांनी रक्त पायांत साचू लागते, मेंदूला व हृदयाला ते पुरेसे मिळत नाही, आणि अर्ध्या तासाच्या आत, कित्येकदा त्याहूनही लवकर, मृत्यू येऊ शकतो. तेव्हा एकट्या माणसाने चढणे म्हणजे हार्नेस असूनही जिवाशी खेळच. खाली दुसरा माणूस हवा, त्याच्याजवळ वर जाऊन पहिल्याला उतरविण्याचा दोर हवा, आणि तो कसा वापरावयाचा हे त्याने प्रत्यक्ष करून पाहिलेले हवे. अग्निशामक दलाला दूरध्वनी करणे ही योजना नव्हे. शहरात गाडी येईपर्यंत वेळ निघून जातो आणि सह्याद्रीतल्या एखाद्या डोंगरमाथ्यावर तर ती पोहोचणारच नाही.

रेडिओच्या मनोऱ्याचा एक धोका तर डोळ्यांना दिसतच नाही. आकाशवाणीच्या मध्यमलहरी प्रक्षेपणात उभा मनोरा हीच अँटेना असते. तो चिनी मातीच्या विरोधकावर उभा असतो आणि प्रक्षेपण चालू असताना जमिनीवर पाय ठेवून त्याला हात लावणारा होरपळतो. उंच इमारतींवरील एफ. एम. व भ्रमणध्वनीच्या अँटेनांपुढे फार वेळ उभे राहणेही घातक. म्हणून यंत्र बंद केल्याची खात्री, आणि ते कोणी मध्येच चालू करू नये म्हणून कुलूप व त्याची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात, ही पद्धत हार्नेसइतकीच आवश्यक आहे. हात भाजल्यावर माणूस पकड सोडतो, आणि तेही शेवटी पडणेच ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साधने ठाऊक आहेत, मिळतात, आणि मनोऱ्याच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. मग माणसे का पडतात? याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात सापडते, कारण तेथे कोणी तरी मोजदाद केली. तेथील कामगार-सुरक्षा प्रशासनाच्या प्रमुखांनी २००८ साली मनोऱ्यावर चढणे हा देशातील सर्वांत धोक्याचा व्यवसाय असल्याचे म्हटले होते. 'प्रोपब्लिका' आणि 'फ्रंटलाइन' यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधात २००३ ते २०११ या काळात भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर ५० कामगार मृत्युमुखी पडल्याचे आढळले. मृत्यूचे प्रमाण बांधकाम व्यवसायाच्या सुमारे दसपट होते. २०१३ साली दूरसंचार मनोऱ्यांवर १३ जण गेले, म्हणजे मागील दोन वर्षांच्या एकत्रित संख्येहून अधिक. या माणसांजवळ हार्नेस नव्हते असे नाही. नव्या सेवा ठरल्या तारखेला सुरू करण्याची घाई होती, आणि काम कंपनीकडून कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून पोटकंत्राटदाराकडे असे उतरत गेले होते. प्रत्येक पायरीवर पैसे कमी होत गेले आणि जबाबदारीही.

आपल्याकडील चित्र याहून निराळे आहे असे कोण म्हणेल? १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीची भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली आणि दोन वर्षांच्या आत तिची चार लाखांहून अधिक प्रक्षेपण-केंद्रे बसविली गेली. या वेगाचा अभिमान आपण सर्वांनी मिरविला. ती लक्षावधी यंत्रे वर कोणी नेली, कोणत्या पट्ट्याने, याची वास्तपुस्त झाली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात उंचीवरून पडून मेलेल्यांचा रकाना आहे. त्यांत मनोऱ्यावरचे किती आणि गच्चीवर पतंग उडविणारे किती, हे त्या रकान्यावरून कळत नाही.

कायदा नाही, अशीही सबब चालणार नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येतच बिनतारी, रेडिओ, दूरचित्रवाणी व दूरध्वनी यांची कामे आणि त्यांची देखभाल ही नावानिशी घातली होती, आणि त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत सुरक्षापट्ट्यांविषयी तरतूद होती. २०२० साली संसदेने संमत केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता आता त्या कायद्याच्या जागी आली आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देण्याचे कर्तव्य ती मालकावर टाकते. हार्नेस कसा असावा याचे भारतीय मानकही आय. एस. ३५२१ या क्रमांकाने कित्येक वर्षांपासून अस्तित्वात आहे. अडचण वेगळीच आहे. मनोरा एका कंपनीचा, त्यावरील अँटेना दुसऱ्या तीन कंपन्यांच्या, यंत्र पुरविणारा चौथा, दुरुस्तीचे कंत्राट पाचव्याचे आणि चढणारा माणूस सहाव्याचा, तोही रोजावर. 'मालक' म्हणून यांतला कोणता धरावयाचा? प्रत्येकाच्या करारात सुरक्षिततेचे कलम असते आणि प्रत्येक कलम जबाबदारी खालच्या पायरीवर सरकविते. सर्वांत खाली ती ज्याच्या गळ्यात येते त्याला वाचायला कोणी तो करार दिलेला नसतो.

म्हणून आमचे मत असे आहे की, पडण्यापासूनचे संरक्षण हे कामगाराच्या पिशवीतले सामान न मानता मनोऱ्याचा भाग मानले पाहिजे. पिशवीतला पट्टा विसरतो, झिजतो, उन्हाने कमकुवत होतो, एकदा झटका खाल्ल्यावर फेकून द्यावयाचा असूनही पुन्हा वापरला जातो. शिडीबरोबर पक्का बसविलेला दोर मात्र आज चढणारा कोणाचा माणूस आहे हे विचारीत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम चालू असताना मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने पुलाखाली मोठे जाळे पसरविले होते. त्या काळी दहा लाख डॉलर खर्चामागे एक बळी हा पूलबांधणीचा गृहीत हिशेब असे. त्या जाळ्याने १९ माणसे झेलली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड मचाण जाळे फाडून कोसळले आणि दहा जण गेले, हेही खरे. पण त्या १९ जणांपैकी कोणाला आपण सावध होतास की निष्काळजी, असे जाळ्याने विचारले नाही. आमच्या शहरांत दहीहंडीच्या दिवशी सर्वांत वरच्या गोविंदाच्या अंगाला वरून दोर बांधलेला आता पाहावयास मिळतो, आणि त्यासाठी न्यायालयापर्यंत वाद गेले. उत्सवात वर्षातून एकदा चढणाऱ्याला जो दोर मिळू शकतो, तो पोटासाठी रोज चढणाऱ्याला मिळू नये काय?

राज्य शासनाने व महापालिकांनी काय करावे हे यावरून स्पष्ट आहे. गच्चीवर मनोरा उभा करताना इमारत त्याचे ओझे पेलेल काय, याचा अभियंत्याचा दाखला घेतला जातो. मनोरा माणसाचे पडते ओझे पेलेल काय, याचाही दाखला त्याच कागदाबरोबर घ्यावा आणि तो देण्याचे उत्तरदायित्व, माणूस कोणीही पाठविलेला असो, मनोऱ्याच्या मालकावर ठेवावे. जुन्या मनोऱ्यांना ठराविक मुदत द्यावी, आणि त्या मुदतीनंतर दोर नसलेल्या मनोऱ्यावर चढण्यास मनाई करावी.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आमच्या वाचकांची सुटका होत नाही. शहरातले कितीतरी मनोरे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर उभे आहेत आणि त्यांचे भाडे संस्थांच्या जमाखर्चात दरसाल दिसते. त्याच भाड्यातून रंगरंगोटी होते, लिफ्टची देखभाल होते. या मनोऱ्यांच्या किरणांनी आपल्या मुलाबाळांना अपाय होईल काय, यावर मध्यंतरी केवढे रण माजले होते! सभा झाल्या, अर्ज झाले, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकीच तीव्रता ठेवण्याचा नियम झाला. ती जागरूकता आम्ही गैर मानीत नाही. पण त्या सर्व सभांत, आपल्या गच्चीवरून जिन्याने येऊन वर चढणाऱ्या, उतरताना पाणी मागणाऱ्या माणसाचा विषय एकदाही निघाला असल्याचे आम्हांस स्मरत नाही. कदाचित कोठे निघाला असेल; तसे असेल तर त्या संस्थेचे अभिनंदन.

भाडेकरार संस्थेच्या हातात आहे. नूतनीकरणाच्या वेळी चिटणीसांनी त्यात तीन अटी घालाव्यात: शिडीला कायमचा दोर असेल, एकटा माणूस चढणार नाही, आणि वारा-पाऊस-वीज असताना कोणीही चढणार नाही. शेवटची अट आपल्याच गैरसोयीची आहे, हे आम्ही जाणतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीला झोडपले तेव्हा गावेच्या गावे कित्येक दिवस वीज आणि दूरध्वनीवाचून राहिली. मुंबई-पुण्यातील मुले कोकणातल्या आईवडिलांचा आवाज ऐकण्यासाठी तळमळत होती. असा दिवस पुन्हा येईल आणि 'अजून सेवा सुरू का नाही?' हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. तो विचारताना वारा पडेपर्यंत थांबण्याची तयारी ग्राहकानेही ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी गच्चीची डागडुजी आणि गळती यांसाठी संस्थांच्या बैठका या पंधरवड्यात भरतीलच. हा विषय त्याच विषयपत्रिकेवर घ्यावा; आणि बैठकीला जाण्यापूर्वी एकदा वर जाऊन आपल्या मनोऱ्याच्या शिडीला दोर आहे की नुसताच पिंजरा, हे चिटणीसांनी स्वतः पाहून यावे.